सामन्याच्या गुणपत्रिकेत मी फक्त 'बदली' आहे : विद्यापीठाच्या क्रीडा विभागास खुले पत्र

प्रति,
मा. कुलगुरू,
मा. संचालक, क्रीडा व शारीरिक शिक्षण मंडळ,
आणि संलग्न महाविद्यालयांचे सर्व मा. प्राचार्य

विषय : आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांतील दुखापतींची नोंद, मैदानावरील वैद्यकीय व्यवस्था आणि पालकांकडून घेतले जाणारे हमीपत्र

महोदय,

सादर नमस्कार.

गेल्या पंधरवड्यात माझ्या धाकट्या बहिणीने महाविद्यालयातून एक कागद आणला आणि वडिलांपुढे सहीसाठी ठेवला. ती यंदा प्रथम वर्षाला आहे, माझ्याच महाविद्यालयात, आणि कबड्डीच्या संघात तिची निवड झाली आहे. कागद म्हणजे पालकांचे हमीपत्र. 'स्पर्धेदरम्यान अथवा प्रवासात माझ्या पाल्यास कोणतीही इजा झाल्यास त्यास महाविद्यालय, यजमान संस्था अथवा विद्यापीठ जबाबदार राहणार नाही', हे त्यातले शेवटून दुसरे वाक्य. दोन वर्षांपूर्वी माझ्यासाठी आलेल्या कागदावर हेच वाक्य याच जागी होते. तेव्हा वडिलांनी ते वाचले नव्हते. ते गिरणीत होते, पट्ट्याच्या आवाजात मी कागद पुढे केला आणि त्यांनी पीठ लागलेली बोटे सदऱ्याला पुसून सही केली. या वेळी त्यांनी चष्मा लावून कागद दोनदा वाचला आणि घडी न करता फडताळात ठेवून दिला. सही अजून केलेली नाही.

मी याच विद्यापीठाची विद्यार्थिनी आहे. 2023 च्या नोव्हेंबरमध्ये विभागीय आंतरमहाविद्यालयीन कबड्डी स्पर्धेच्या उपांत्य सामन्यात माझ्या मानेचे पाचवा आणि सहावा हे मणके एकमेकांवरून सरकले, आतला मज्जारज्जू चेपला गेला आणि वयाच्या एकोणिसाव्या वर्षी मी खांद्यांखाली जवळजवळ लुळी झाले. त्यानंतर मी आपल्या कार्यालयाकडे तीन अर्ज केले. तिसऱ्या अर्जाला चार ओळींचे उत्तर आले. घटना 'दुर्दैवी' असल्याचे त्यात म्हटले होते, खेळात अशा दुखापती होतच असतात अशी समजूत घातली होती आणि विभागाच्या दप्तरी या अपघाताची नोंद नसल्यामुळे पुढील कार्यवाही करता येत नाही, असे कळवले होते. अर्ज, स्मरणपत्र आणि पुन्हा अर्ज हा रस्ता मी संपवला आहे, म्हणून हे पत्र उघडपणे लिहीत आहे. यात मी कोणत्याही संस्थेचे किंवा व्यक्तीचे नाव घेतलेले नाही. ती आपल्याला ठाऊक आहेत, आणि एखाद्या क्रीडाशिक्षकावर खापर फुटून बाकी सारे जिथल्या तिथे राहावे, अशी माझी इच्छा नाही.

त्या दिवशी काय झाले ते सांगते, कारण आपल्या दप्तरात ते कुठेच नाही. मध्यंतरानंतरची माझी तिसरी चढाई होती. बोनस घेऊन मी वळले, उजव्या कोपऱ्यातल्या खेळाडूने घोटा धरला, मी मध्यरेषेकडे झेपावले आणि त्याच क्षणी साखळीतल्या दुसऱ्या गड्याने बाजूने धडक दिली. हात टेकायला मिळाले नाहीत. डोके आधी मॅटवर गेले, मान किंचित पुढे वाकलेली, आणि वरून दोघींचे वजन. मानेला एरवी एक नैसर्गिक बाक असतो आणि धक्का बराचसा स्नायूंत विरतो. डोके खाली घातले की तो बाक जातो, मणक्यांची सरळ काठी होते आणि सगळा भार हाडांवर येतो, हे मला नंतर शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांनी औषधाच्या चिठ्ठीच्या पाठीमागे दोन रेघा काढून समजावले. पकड नियमात होती. ती करणाऱ्या दोघी मला भेटून गेल्या, त्यांच्यातली एक अजूनही दर महिन्याला फोन करते, आणि त्यांच्याबद्दल माझ्या मनात काहीही नाही. माझी तक्रार त्यापुढच्या वीस मिनिटांबद्दल आहे.

प्रथम कोणीतरी तोंडावर पाणी मारले. मग 'चमक भरली असेल' म्हणून एका गृहस्थांनी माझे डोके दोन्ही हातांत धरून डावीकडे आणि उजवीकडे वळवून पाहिले. मी शुद्धीवर होते. पाय हलत नाहीत असे मी सांगत होते आणि 'घाबरू नकोस, मुंग्या आल्या असतील' असे उत्तर मिळत होते. मैदानावर डॉक्टर नव्हता, स्ट्रेचर नव्हते, मानेला लावायचा पट्टा नव्हता; प्रथमोपचाराच्या पेटीत कापूस, एक मलम आणि संपत आलेला स्प्रे होता. चौघांनी माझे हात आणि पाय धरून मला उचलले, डोके मागे लोंबत होते, आणि एका जीपच्या मागच्या बाकावर पाय दुमडून निजवले. वाटेत माझा उजवा हात बाकावरून घसरला आणि दाराच्या पत्र्यावर आपटत राहिला. तो मला दिसत होता, पण लागत काही नव्हते. 108 क्रमांकावर कोणी फोन केला नाही. महाराष्ट्रात ही सेवा 2014 मध्ये 937 रुग्णवाहिकांनिशी सुरू झाली, आणि तिचा क्रमांक त्याच मैदानाच्या भिंतीवर हातभर अक्षरांत रंगवलेला होता.

मान मॅटवर मोडली तेव्हा मज्जारज्जूचे किती नुकसान झाले, डोके वळवताना किती झाले आणि खड्ड्यांच्या रस्त्याने जीपमध्ये किती, हे कोणी सांगू शकत नाही. डॉक्टरांना मी दोनदा विचारले. ते सरळ माणूस आहेत. दोन्ही वेळा 'सांगता येणार नाही' एवढेच म्हणाले. मणक्याला मार लागल्याची शंका आली की माणसाला जागचे हलवायचे नाही, एकाने डोके शरीराच्या रेषेत धरून ठेवायचे, आणि हलवणे भागच असेल तर चार-पाच जणांनी मिळून ओंडका वळवावा तसे सारे अंग एकदम कुशीवर घेऊन खाली फळी सरकवायची, एवढे त्या मैदानावर एका जरी माणसाला ठाऊक असते, तर आज निदान हा प्रश्न मला पडला नसता.

मी गेल्यावर सामना पुन्हा सुरू झाला. पुढचे सामने खोळंबले होते, त्यामुळे त्यालाही मी दोष देत नाही. मात्र माहितीच्या अधिकारात मी त्या सामन्याची गुणपत्रिका मागवली, तेव्हा तीत माझ्या शेवटच्या चढाईचा गुण प्रतिपक्षाला रीतसर दिलेला आढळला आणि माझ्या क्रमांकापुढे एकच शब्द आढळला, 'बदली'. त्या दिवशी माझे जे झाले त्याचा विद्यापीठाकडे असलेला एकमेव लेखी पुरावा हा एवढाच आहे.

बरे होण्याबद्दलही लिहिणे भाग आहे, कारण आपल्या कार्यालयातल्या एका अधिकाऱ्यांनी वडिलांना 'आता बरी आहे ना ती?' असे आस्थेने विचारले आणि वडिलांना काय उत्तर द्यावे ते सुचले नाही. शस्त्रक्रिया चार तासांत आटोपली आणि तिचा मोठा खर्च महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेतून भागला. मोडलेली जागा प्लेट आणि स्क्रूंनी जखडली की हाड काही महिन्यांत सांधते. मज्जारज्जू तसा सांधत नाही. माझी इजा अपूर्ण स्वरूपाची ठरली, म्हणजे दोराचे काही पीळ शाबूत राहिले, आणि त्यांतून काय परत येते याची वाट पाहणे हाच पुढचा दीड वर्षाचा उद्योग झाला. सातव्या आठवड्यात डाव्या पायाचा अंगठा हलला. तो हलला हे मला कळलेच नाही, आईने पाहिले. तिने मला सांगण्याआधी पंधरा मिनिटे त्याच्याकडे टक लावून तो पुन्हा हलण्याची वाट पाहिली, कारण तिला उगीच आशा लावायची नव्हती.

अंगाला जाणीव नसली की एकाच कुशीवर पडून राहिल्याने कातडी चिघळते आणि जखम हाडापर्यंत जाऊ शकते, म्हणून दर दोन तासांनी कूस बदलावी लागते. रात्री बारा, दोन, चार आणि सहा या वेळांना आईच्या मोबाइलचा गजर अकरा महिने वाजला. लघवी ठरावीक तासांनी नळी घालून काढावी लागते. इजेच्या खाली घाम येत नाही, त्यामुळे चैत्र-वैशाखात अंग तापत जाते आणि ओल्या फडक्याने पुसत राहावे लागते. प्रथम मला तिरक्या होणाऱ्या फळीला बांधून उभे करू लागले तेव्हा तीस अंशांतच डोळ्यांपुढे अंधारी आली. साठ अंशांपर्यंत पोचायला पाच आठवडे गेले. एका दमात प्रतिपक्षाच्या अंगणातली 'निदान रेषा' गाठून परतणारी मी, उशीला टेकून बसायला शिकले त्या दिवशी घरात शिरा झाला.

हाताचेही सांगते. माझी बोटे आपण होऊन मिटत नाहीत, पण मनगट वर उचलता येते, आणि मनगट उचलले की आतले स्नायूंचे दोर ताणले जाऊन बोटे आपसूक तळव्याकडे वळतात. या एका युक्तीवर माझा पेला, माझा कंगवा आणि माझे पेन चालते. गावात एक मालिशवाले काका आहेत, मनाने फार चांगले. त्यांना ती आखडलेली बोटे रोज तेल लावून ओढून सरळ करायची होती आणि सगळ्या नातलगांना ते पटत होते. फिजिओथेरपिस्ट बाईंनी वेळीच हरकत घेतली. मनगट मागे आणि बोटे सरळ असे ताणले असते तर बोटे दिसायला चांगली झाली असती आणि पेन कायमचे गेले असते. हे पत्र त्याच पेनाने, दिवसाला एक पान या हिशेबाने लिहिले आहे.

या बाई आम्हाला भेटल्या त्या मुंबईतल्या एका पुनर्वसन केंद्रात, आणि तेही पाचव्या महिन्यात, कारण अशी केंद्रे असतात हे तोवर आम्हाला कोणी सांगितलेच नव्हते. मुंबईत हाजी अली येथे केंद्र शासनाची भौतिक वैद्यक आणि पुनर्वसन संस्था 1955 पासून उभी आहे. इतक्या वर्षांत राज्यातल्या एका विद्यापीठाच्या क्रीडा विभागाकडे तिचा पत्ताही असू नये, याचे मला नवल वाटते. सध्या मी चाकाच्या खुर्चीत असते, समांतर दांड्यांमध्ये गुडघ्यांना आधार बांधून दहा मिनिटे उभी राहते आणि दोन्ही बाजूंना माणूस असेल तर चार-पाच पावले टाकते. याला बरे म्हणायचे की नाही, ते आपण ठरवावे.

मध्यंतरी घरी आलेल्या एका मान्यवरांनी मला शाल दिली आणि मुरलीकांत पेटकर यांच्याकडून प्रेरणा घेण्यास सांगितले. पेटकर आमच्या घरात मला कळू लागल्यापासून माहीत आहेत. सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचा हा जवान 1965 च्या युद्धात गोळ्या लागून अधू झाला, पाठीच्या कण्यातही गोळी गेली, आणि 1972 मध्ये जर्मनीतल्या हायडेलबर्गला 50 मीटर जलतरणात त्याने भारताचे पहिले पॅरालिम्पिक सुवर्णपदक जिंकले. (त्यांच्या नावापुढे अर्जुन पुरस्कार लागायला मात्र 2025 उजाडावे लागले, पण तो वेगळा विषय.) पेटकरांच्या जिद्दीची गोष्ट सांगताना एक भाग हटकून गाळला जातो. ते ज्या सैन्यात होते त्याने आपल्या जखमी माणसाला चार ओळींचे पत्र देऊन घरी धाडले नाही. दीर्घकाळ उपचार दिले, आणि मणक्याच्या इजेने अधू झालेल्या सैनिकांसाठी 1974 पासून पुण्यात खडकीला स्वतंत्र पुनर्वसन केंद्र चालते आहे. जिद्दीचे माझे मी पाहून घेईन. आपल्याकडून मला व्यवस्था हवी आहे.

आता गाऱ्हाणी क्रमाने मांडते.

पहिले गाऱ्हाणे नोंदीचे. बाकीची बहुतेक सारी यातून निघतात, म्हणून याला जास्त जागा देते. शुल्काच्या पावतीवर 'क्रीडा' आणि 'विद्यार्थी अपघात विमा' या दोन शीर्षकांखाली आम्ही दरवर्षी पैसे भरतो. विम्याचा दावा महाविद्यालयामार्फत, ठरलेल्या मुदतीत आणि अपघाताच्या अहवालासह करायचा असतो. मुदत संपली तेव्हा मी अतिदक्षता विभागात होते. अहवाल मागितला तेव्हा महाविद्यालयाने यजमान संस्थेकडे बोट दाखवले, यजमान संस्थेने स्पर्धा विद्यापीठाची असल्याचे सांगितले आणि विद्यापीठाने नोंद नसल्याचे कळवले. दावा फेटाळला गेला. वडिलांनी तेव्हा गिरणीची एक मोटर विकली होती, ही बाब फेटाळणीच्या पत्रात अर्थातच नाही.

त्यानंतर मी माहितीच्या अधिकारात विचारले की, गेल्या पाच वर्षांत विद्यापीठाच्या स्पर्धांत किती विद्यार्थ्यांना रुग्णालयात दाखल करावे लागले. 'अशी माहिती संकलित केली जात नाही', असे उत्तर आले. या उत्तराने मला माझ्या दाव्यापेक्षा जास्त अस्वस्थ केले. विद्यापीठाला कोणत्या वर्षी कोणी किती पदके मिळवली ते तोंडपाठ आहे. कोणत्या संघाने किती गडी बाद केले ते लिहिलेले आहे. कोण पडले आणि पुन्हा उठले नाही, तेवढेच कुठे लिहिलेले नाही. अमेरिकेत तिथल्या फुटबॉलमध्ये मान मोडून मुले कायमची लुळी होत होती, तेव्हा 1975 मध्ये अशा इजांची देशभरची नोंदवही सुरू झाली. डोके खाली घालून डोक्यानेच टक्कर देण्याची पद्धत मुलांच्या मुळावर येते आहे, हे त्या नोंदींतून सिद्ध झाले. 1976 मध्ये नियम बदलून अशा टकरीला बंदी झाली. त्या हंगामात चारही हातपाय लुळे पडलेल्यांची संख्या 34 होती, 1984 मध्ये ती 5 वर आली. मुले तीच, खेळ तोच, मैदानेही तीच. कोणीतरी मोजायला बसले, एवढाच फरक. आपल्याकडे कबड्डीत, कुस्तीत, मल्लखांबात आणि जिम्नॅस्टिक्समध्ये मान कशी आणि कुठे मोडते हे कोणी मोजलेच नाही, तर चढाईपटूंना बचावपटूंच्या हातांखालून डुबकी मारताना मान कशी ठेवायची हे शिकवणार तरी कशाच्या आधारावर?

दुसरे गाऱ्हाणे मैदानावरच्या व्यवस्थेचे. ते वर येऊन गेले आहे, त्यामुळे लांबवत नाही. उद्घाटनाला फुलांची कमान होती, पाहुण्यांसाठी सोफे होते, स्मृतिचिन्हे होती आणि ध्वनिक्षेपक तर दोन होते. यांतल्या एका सोफ्याच्या भाड्यात मानेचा पट्टा आला असता, असे म्हणण्याचा मोह होतो. पण खरे कारण पैसा नाही, असे मला वाटते. स्पर्धेच्या परिपत्रकात संघांच्या गणवेशाबद्दल दीड पान आहे आणि वैद्यकीय व्यवस्थेबद्दल 'यजमान महाविद्यालयाने करावी' एवढे एक वाक्य आहे. ती म्हणजे काय, ती कोणी तपासायची आणि ती नसेल तर सामना थांबवायचा की नाही, यावर परिपत्रक गप्प आहे.

इथेच थोडे विषयांतर करते. 2023 मध्ये राज्य शासनाने 50,000 गोविंदांचा अपघात विमा माणशी 75 रुपये हप्ता भरून उतरवला होता. मला त्यात वावगे काही वाटत नाही. थरावरून पडणारा मुलगाही माझ्यासारखाच कोणाचा तरी मुलगा असतो. शाळेतल्या मुलांसाठीही राजीव गांधी विद्यार्थी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना आहे, पण ती पहिली ते बारावीपुरती. म्हणजे शाळेत शिकणारी आणि थरावर चढणारी दोन्ही मुले शासनाला दिसतात, आणि मधली, विद्यापीठाचा गणवेश घालून 'अश्वमेध' या राज्यातल्या आंतरविद्यापीठ क्रीडा महोत्सवाचे स्वप्न बघत खेळणारी, पावतीवरच्या एका शीर्षकावर सोडून दिलेली आहेत.

तिसरे गाऱ्हाणे हमीपत्राचे. अशी सही घेतल्याने निष्काळजीपणाची जबाबदारी खरोखर संपते का, हे ठरवणे न्यायालयाचे काम आहे आणि मी कायद्याची विद्यार्थिनी नाही. मला दिसते ते एवढेच की, ज्या घरात तो कागद जातो तिथे तो कायद्याहून मोठा होतो. अपघातानंतर सहा महिने माझे वडील दाद मागायलाच तयार नव्हते. 'आपणच लिहून दिलंय', असे ते म्हणत. मुलीच्या मोडलेल्या मानेचा दोष त्यांनी स्वतःच्या सहीवर घेतला होता. खेळातला धोका पालकांना समजावून सांगायचा असेल तर जरूर सांगावा, लेखी सांगावा, आणि त्याच कागदावर आम्ही काय काळजी घेऊ हेही लिहावे. आजच्या कागदावर एकाच बाजूची हमी आहे.

चौथे गाऱ्हाणे माझ्या शिक्षणाचे. गैरहजेरीमुळे माझे सत्र नाकारले गेले, त्यामुळे मी दोन वर्षांनी पुन्हा द्वितीय वर्षालाच आहे. त्याबद्दल नियमाला नियम म्हणून मी फार बोलत नाही. पण आमचे इतिहासाचे वर्ग दुसऱ्या मजल्यावर भरतात आणि इमारतीला लिफ्ट नाही. वर्ग खाली आणावेत असा अर्ज केला, तेव्हा 'तुझे मित्र खुर्चीसकट उचलून नेतील की', असे सुचवण्यात आले. सुचवणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता. मात्र चौघांनी उचलून नेण्याचा अनुभव मी एकदा घेतला आहे. दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम 2016 हा कायदा एप्रिल 2017 पासून लागू आहे. त्याखालचे नियम जून 2017 मध्ये निघाले आणि अस्तित्वातल्या सार्वजनिक इमारती पाच वर्षांत सुगम करण्याचे बंधन कायद्यातच आहे. ती पाच वर्षे जून 2022 मध्ये संपली, म्हणजे माझी मान शाबूत होती तेव्हाच. सुगमतेची मानके ऐच्छिक ठेवता येणार नाहीत, ती सक्तीची असली पाहिजेत, असे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2024 मध्ये बजावले आहे. आमच्या महाविद्यालयात या काळात दर्शनी कमान नवीन झाली. तिच्याखालून आत जायला तीन पायऱ्या आहेत.

माझ्या मागण्या अशा आहेत.

नोव्हेंबर 2023 च्या त्या सामन्याच्या कागदपत्रांत माझ्या अपघाताची नोंद आजच्या तारखेने, साक्षीदारांचे जबाब घेऊन करावी आणि तिची प्रत मला द्यावी. त्या नोंदीच्या आधारे विम्याचा दावा विद्यापीठाने स्वतः पुन्हा दाखल करावा. तो तांत्रिक कारणाने नाकारला गेला तर तेवढी रक्कम क्रीडा निधीतून द्यावी.

यापुढे प्रत्येक स्पर्धेत रुग्णालयात न्यावे लागलेल्या प्रत्येक खेळाडूची नोंद चोवीस तासांत विद्यापीठाकडे यावी आणि वर्षाअखेरीस या नोंदी, नावे वगळून, प्रसिद्ध कराव्यात.

मैदानावर फळी, मानेचा पट्टा आणि ते वापरण्याचे प्रशिक्षण घेतलेला माणूस हजर असल्याखेरीज पंचांनी पहिली शिट्टी वाजवू नये, असा स्पष्ट नियम परिपत्रकात घालावा. गणवेश चुकला तर संघाला खेळू देत नाहीत. हाही नियम तितकाच कडक असावा. प्रत्येक महाविद्यालयाच्या क्रीडाशिक्षकाला आणि निदान दोन खेळाडूंना जखमी माणूस कसा हलवायचा आणि कसा हलवायचा नाही याचे एक दिवसाचे शिक्षण दरवर्षी द्यावे. शिकवायला कोणी मिळत नसेल तर मी येईन. फळीवर कोणाला झोपवायचे असा प्रश्न आला, तर तेही मी जमवेन.

विम्यात केवळ मृत्यू आणि अवयव गमावणे यांऐवजी उपचार आणि किमान एक वर्षाचे पुनर्वसन यांचा समावेश असावा, आणि दाव्याची मुदत रुग्ण घरी परतल्याच्या दिवसापासून मोजावी.

सध्याचे हमीपत्र मागे घ्यावे आणि त्याऐवजी दोन्ही बाजूंच्या जबाबदाऱ्या सांगणारा कागद काढावा. यंदाच्या स्पर्धा सुरू होण्याआधी हे झाले पाहिजे, कारण बहिणीचा पहिला सामना पुढच्या महिन्यात आहे. ती खेळणार आहे. तिने खेळू नये असे मला एकदाही वाटले नाही. रोज संध्याकाळी अंगणात ती सराव करते तेव्हा तिची मान कुठे जाते यावर लक्ष ठेवण्याचे काम माझ्याकडे आहे, आणि ते मी खुर्चीतून ओरडून चोख करते.

दिव्यांग विद्यार्थी ज्या वर्गात असेल तो वर्ग आणि त्याचे परीक्षा केंद्र तळमजल्यावर द्यावे. याला निधी लागत नाही, वेळापत्रक बदलावे लागते.

या पत्राचे उत्तर तीस दिवसांत लेखी मिळावे, अशी विनंती आहे. प्रत्यक्ष भेटीला बोलावणार असाल तर मी आणि वडील जरूर येऊ. फक्त भेट तळमजल्यावर ठेवावी. आपला क्रीडा विभाग दुसऱ्या मजल्यावर आहे.

आपली विश्वासू,
द्वितीय वर्ष कला,
गुणपत्रिकेतील खेळाडू क्रमांक 7

सोबत : गुणपत्रिकेची प्रत, शुल्काच्या पावत्या, तीन अर्ज व एक उत्तर, आणि सही न केलेले हमीपत्र